पलटणीची ट्रंक

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी पलटणीत होतं, अशी आमच्या वयाची चार माणसं एकत्र बसली की बोलणं फिरून फिरून ट्रंकेवर येतं. पत्र्याची, काळी नाहीतर हिरवी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. कोकणात ती माळ्यावर असायची, घाटावर माजघरात कणगीशेजारी. तिला हात लावायची पोरांना बंदी. ती उघडायची किल्ली आज्जीच्या कमरेला, आणि उघडली की आधी वास यायचा: डांबरगोळ्या, वेखंड, जुनी लोकर आणि जरासा गंज.

आमचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. लढाया आम्ही पाहिल्या त्या आजोबांच्या बोलण्यातून. कुणाचा आजा ‘मेसपोट’ला जाऊन आलेला, म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूतच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस खायची वेळ आली, पुढं तुर्कांची कैद. कुणाचे आबा दुसऱ्या युद्धातले. त्यांच्या तोंडी केरन, तोब्रुक, इटली, बर्मा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ हे आडनावच लागलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्यांच्या नावानं गावात स्मारक उभं राहिलं. असं गाव सोडाच, एरवीच्या गावांतही प्रत्येक आळीत एखादी ट्रंक होतीच.

आत काय असायचं तेही बहुतेक घरांत सारखंच. तळाला लोकरीचा ग्रेटकोट नाहीतर जर्सी. त्यावर पट्टे, बटणं. मग लाल खारव्यात बांधलेलं कागदांचं बासन: डिस्चार्जचं बुक, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरची कुपनं, आघाडीवरून आलेली कार्डं, कुणाची तार, ग्रुप फोटो. आणि सगळ्यात वर, तंबाखूच्या जुन्या चंचीत, बिल्ले.

बिल्ले वर्षातून तीनदा बाहेर यायचे. सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला आजोबा ते छातीवर लावून शाळेच्या झेंड्याला जात. चालताना ते एकमेकांवर आपटून वाजत, आणि त्या आवाजावरून आम्हाला कळे की आजोबा निघाले. तिसरी वेळ खंडेनवमीची. विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ ओळीनं मांडायचे, त्याच ओळीत बिल्ले ठेवायचे. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, नारळ. पहिल्या युद्धाच्या चांदीच्या मेडलवर मागच्या बाजूला घोड्यावरचा उघडा माणूस आहे. तो खंडोबाच, यात आज्जीला शंका नव्हती. दुसऱ्या, पितळी दिसणाऱ्या मेडलवरच्या पंखवाल्या बाईला ती परी म्हणे. युद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकारनं बारा सेंटिमीटर व्यासाची काशाची जाड तबकडी पाठवली होती. तिच्यावर ब्रिटानिया उभी आणि पुढ्यात सिंह. बाई आणि सिंह एकत्र दिसल्यावर तिची जागा देव्हाऱ्यात ठरायला कितीसा वेळ लागणार? तिच्यावर फक्त नाव होतं, हुद्दा नव्हता. मेलेल्यांत साहेब आणि शिपाई असा भेद नको, म्हणून तो मुद्दामच गाळलेला.

पूजेच्या आदल्या दिवशी घासायचा कार्यक्रम. इथं घरात दोन पंथ होते. आजोबा पलटणीचे, त्यांच्याकडं ब्रासोचा डबा आणि बटणाखाली सरकवायची पितळी पट्टी, म्हणजे कपड्याला डाग लागत नाही. ब्रासो फडक्यावर घ्यायचा, सुकू द्यायचा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं चेहरा दिसेपर्यंत घासायचं. आज्जीचा विश्वास चिंचेवर. देवाची तांब्याची भांडी जशी निघतात तसेच बिल्ले निघाले पाहिजेत. चिंच, मीठ, वरून राख नाहीतर रांगोळी. चांदीच्या मेडलाला सोनाराकडून शिकलेली युक्ती: रिठ्याचं पाणी. पुढं पितांबरी आली आणि दोन्ही पंथ तिच्यात विलीन झाले.

ती चमक आम्हाला अजून दिसते. ती कशानं यायची, ते मात्र नोकरीतून मोकळं झाल्यावर, वस्तुसंग्रहालयातल्या जाणकारांना विचारलं तेव्हा उमगलं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळं; पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो. घासलं की काळेपणा जातो, पण त्या काळेपणात अडकलेली चांदीही जाते. ब्रासोत बारीक खर असते, राखेत आणि रांगोळीत तर असतेच. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, म्हणून काशाचा बिल्ला गुलाबीसर उघडा पडतो आणि उघडा पडल्यामुळंच आधीपेक्षा लवकर काळवंडतो. मग पुढच्या खंडेनवमीला पुन्हा चिंच. पन्नास वर्षं असं चाललं की राजाच्या नाकाचं टोक जातं, घोडेस्वाराचे स्नायू गुळगुळीत होतात. फट सापडेल तिथं ब्रासो पांढरा होऊन बसतो.

राजाचं नाक गेलं तर आपलं काही अडत नाही. पण बिल्ल्याची खरी किंमत त्याच्या तोंडावर नसून कडेवर आहे. पहिल्या युद्धाच्या मेडलांच्या कडेवर प्रत्येक शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशानं उमटवलेली असे. आपल्या सैन्याच्या मेडलांवरही अशी कडेवर नावं असतात. घासताना बोटात बिल्ला धरायचा कसा, तर कडेनंच. फडकं तिथं सगळ्यात जास्त फिरायचं.

त्या कडेवरच्या अक्षरांचं मोल बसऱ्याकडं पाहिलं की लक्षात येतं. मेसोपोटेमियात कामी आलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांचं स्मारक तिथं उभं राहिलं. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणवार आकडा कोरला: अमुक अधिकारी आणि इतर इतके. नावं वहीत राहिली. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, तर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधवांचं नाव एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीच्या लढाईशी कायमचं जोडलेलं आहे. आमच्या आजोबांपैकी कुणाचा पुतळा होणार नव्हता. सरकारनं त्यांचं नाव धातूत उठवलं ते एवढ्याच जागी, तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या कडेवर.

फितीचंही तसंच. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मधून लाल, गडद निळा आणि फिकट निळा पट्टा: वाळवंट, भूदल, नौदल, विमानदल. इटली स्टारच्या फितीत इटलीच्या निशाणाचे लाल, पांढरा, हिरवा हे रंग. बर्मा स्टार गडद निळी, लाल आणि नारिंगी. निरक्षर आज्जीसुद्धा फितीवरून सांगायची, हा वाळूतला, हा बर्फातला, हा जंगलातला. कुंकवाचा डाग फितीवर पडला की ती धुवायची म्हणून पाण्यात बुडवायची आणि लालाचा रंग पांढऱ्यात उतरायचा. भिंतीवर उन्हात लावली की वाळू राहायची, निशाण उडायचं.

आता कागद. बिल्ले मानाचे होते, कागद पोटाचा होता. डिस्चार्ज बुक दाखवल्याशिवाय काही होत नसे. सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, बँकेत जायचं, दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, पोराला माजी सैनिकाच्या कोट्यात कुठं चिकटवायचं, सगळीकडं तेच बुक. आजोबा गेल्यावर तर त्याचं मोल आणखी वाढलं, कारण आज्जीचं लग्न त्याच माणसाशी झालं होतं हे सरकारला पटवणारा दुसरा कागद बहुतेक घरांत नव्हताच. गावाकडं विधवेच्या हातात रोख पैसा यायचा दुसरा मार्ग नव्हता. त्यामुळं घराला आग लागली तर आधी काय बाहेर काढायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नसतं.

ती कागद कसे ठेवायची ते पाहा. मऊ, अनेकदा धुतलेल्या सुती कापडात. भर अंधारात. बासनात वेखंडाची काडी, वाळलेला कडुलिंबाचा पाला. पावसाळा संपला, ऑक्टोबरची हीट आली की पडवीत सावलीत कागद पसरायचे, उन्हात कधीच नाही. आघाडीवरून आलेली कार्डं कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली असत. कोरडी असताना अक्षर करडं, ओल लागली की जांभळं होऊन पसरतं. हे तिला अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून घामेजल्या हातानं कार्डाला हात लावू देत नसे. कागदाची घडी एकदा पडली ती पडली, उगाच उलगडायची नाही. कुठं फाटलंच तर पातळ खळ करून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. गावातला बाइंडर तसंच करी, म्हणजे खळीला कसर आणि झुरळं लागत नाहीत. मोरचूद कागदाला चांगला नाही, पण खळीचा मार्ग योग्य होता. आजही कागद दुरुस्त करणारे जाणकार गव्हाच्या पिठातला स्टार्च शिजवून त्याचीच खळ वापरतात आणि मागून अगदी पातळ जपानी कागद लावतात, कारण ती खळ पाण्यानं पुन्हा सुटते. दुरुस्ती उद्या काढता आली पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम.

एक कोडं आमच्यापैकी पुष्कळांना पडलेलं आहे. त्याच बासनात पणजोबांच्या काळची मोडीतली सनद असायची, दीडदोनशे वर्षांची, तरी कापडासारखी मऊ. आणि १९४५-४६ चा इंग्रजी छापील दाखला मात्र तपकिरी, घडीवर मोडणारा. सनदेचा कागद हाती केलेला, जुन्नर-दौलताबादेकडं चिंध्या आणि तागापासून बनायचा तसा. त्याचे धागे लांब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं, आणि शाई पसरू नये म्हणून घातलेली तुरटी कागदात हळूहळू आम्ल तयार करते. म्हणजे नवा कागद जन्मतःच आजारी होता. त्याला उजेड, उष्णता आणि दमट हवा सोसत नव्हती. ट्रंकेत या तिन्ही गोष्टी सगळ्यात कमी होत्या.

मग आज्जी गेली. पेन्शन थांबली. कागदाचं काम संपलं आणि त्याची आठवण झाली.

हे साधारण सत्तरच्या, ऐंशीच्या दशकातलं. मुलं मुंबईला गिरणीत, गोदीत, पोलिसात, बँकेत लागलेली. कौलं जाऊन स्लॅब पडला, बाहेरच्या खोलीला हॉल म्हणू लागले, आणि हॉलच्या भिंतीला काहीतरी भारदस्त हवं होतं. आजोबांचे कागद आणि बिल्ले एसटी स्टँडजवळच्या फ्रेमवाल्याकडं गेले. तो गणपती, लक्ष्मी, नवरा-नवरी, सगळ्यांना एकाच मापानं बसवायचा. दाखला काचेला चिकटवून ठेवायचा, मागं पुठ्ठा, पुठ्ठ्यामागं जुनं वर्तमानपत्र, चार चुका ठोकायच्या, वरून खाकी कागद. बिल्ल्यांसाठी लाल मखमल आणि फेविकॉल. फीत जुनी दिसते म्हणून कापून टाकलेली, नाहीतर राष्ट्रध्वजाच्या रंगाची नवी लावलेली. बापाचा मान करायचा म्हणून मुलांनी हे पदरचे पैसे घालून केलं, आणि त्या फ्रेमखाली बसून आमची लग्नं ठरली. तिच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही.

पण भिंतीवर जाताच उतरण लागली. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दव धरायचं, फोटोवरचं जिलेटिन ओलं होऊन काचेला धरायचं. पुढं फ्रेम उघडली तर आजोबांचा चेहरा काचेबरोबर यायचा. पश्चिमेच्या भिंतीतून ओल मागच्या पुठ्ठ्यात. पुठ्ठ्याचं आणि वर्तमानपत्राचं आम्ल दाखल्यात. काही दाखल्यांच्या पाठीवर बातमीचे रकाने तपकिरी उमटलेले सापडतात. चुका गंजून चार कोपऱ्यांत चार डाग. ट्यूबलाइटनं आणि खिडकीतल्या उन्हानं शाई फिकी. रंगवलेल्या मखमलीतून, खालच्या प्लायवूडमधून आणि गोंदातून सुटणाऱ्या वाफा काचेमागं कोंडून धातूवर बसायच्या, म्हणून फ्रेममधला चांदीचा बिल्ला चंचीतल्यापेक्षा लवकर काळा. आणि फेविकॉलनं चिकटलेली कड मखमलीत बुडालेली: जे नाव वाचायचं तेच दिसेना.

पुढं सेलोटेप आली. फाटलेल्या घडीवर ती लावणं सोपं. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. नव्वदच्या दशकात लॅमिनेशन आलं. डिस्चार्ज बुकाची पानं सुटी करून गरम प्लॅस्टिकमध्ये दाबली गेली. कायमची सोय झाली असं सगळ्यांना वाटलं. कायमची झालीच, कारण ते प्लॅस्टिक आता कागद न फाडता काढायला कुणाच्यानं होत नाही. बिल्ले मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात गेले. ते पीव्हीसीचं असेल तर त्यातून आम्ल सुटतं आणि काशावर हिरवी बुरशीसारखी पूड धरते.

म्हणून आज ट्रंकेची आठवण काढताना आम्ही नुसतं हळवं होत नाही. न शिकलेल्या बाईनं गरजेपोटी जे केलं, त्यातलं पुष्कळसं शास्त्रानं मान्य केलं आहे: अंधार, सुती कापड, कोरडी हवा, कमी हाताळणी, वर्षातून एकदा तपासणी. ट्रंक निर्दोष होती असं नाही. पत्र्याचा गंज कापडातून उतरायचा, डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवायच्या, लोकर आणि चांदी शेजारी असल्यानं लोकरीतलं गंधक चांदीला बाधायचं, आणि आठपदरी घडी हा तर रोगच. पण वस्तू वापरात होती तोवर तिच्याकडं रोज कुणाचं तरी लक्ष होतं. भिंतीवर गेल्यावर तिच्याकडं फक्त हार घालताना पाहिलं गेलं.

आता आमच्यातले काही जण पेन्शनीत आल्यावर या कामाला लागलेत. भिंतीवर लावायला दाखल्याची रंगीत प्रत. मूळ कागद आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, न दुमडता, सपाट पेटीत. फ्रेमच करायची तर काच आणि कागद यांच्यात खिडकीच्या पुठ्ठ्यानं अंतर, मागं आम्लविरहित पुठ्ठा, भिंत आतली, आणि फ्रेमच्या मागं दोन बुचाचे तुकडे म्हणजे हवा खेळते. बिल्ला चिकटवायचा नाही. फितीनं दोऱ्यात टाचायचा, तोही एकमेकांवर आपटणार नाही असा. हात लावायचा तर सुती मोजे घालून, कारण घामातलं मीठ धातूत बोटाचा ठसा कोरतं. घासणं बंद. मऊ ब्रशनं धूळ झटकायची आणि काळेपणा राहू द्यायचा. तो काळेपणाच आतल्या धातूला सांभाळतो. कडेवरचं नाव पुसट झालं असेल तर अंधारात बॅटरी अगदी आडवी धरून मोबाइलनं फोटो काढायचा. सावलीत अक्षर उठतं. लॅमिनेशन आणि सेलोटेप घरी काढायच्या फंदात पडायचं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाची प्रयोगशाळा आहे. पुण्यात १९१० पासून असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुन्या कागदांत आयुष्य घालवलेली माणसं आहेत. विचारल्यावर ती सांगतात.

खरी अडचण कसर नाही, वाटणी आहे. चार बिल्ले, तीन भाऊ. थोरल्याला दोन, बाकीच्यांना एकेक. शेत वाटलं तरी शेत राहतं, पण एका माणसाचे बिल्ले एका ओळीत असतील तरच त्याची फिरती वाचता येते: आधी वाळवंट, मग इटली, मग घर. वेगळे झाले की ते नुसते चार तुकडे. चांदीचं मेडल तर सोनाराकडं जाऊन पोरीच्या पैंजणात विरघळल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत, आणि दुष्काळाच्या वर्षी तसं करणाऱ्याला बोल लावायचा आम्हाला अधिकार नाही. पण आज दुष्काळ तो नाही. एका घरी सगळे ठेवायचे, इतरांनी फोटो घ्यायचे, एवढं तरी भावांत ठरू शकतं.

आणि एक काम फक्त आमच्या पिढीला जमण्यासारखं आहे, कारण त्या माणसांना ओळखणारे शेवटचे आम्ही. ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा कोण, ते कार्ड कुणी कुणाला धाडलं, बिल्ल्याच्या कडेवरचा तो नाईक आपला आजा की आज्याचा चुलत भाऊ, हे पलटणीच्या कुठल्याही दप्तरात लिहिलेलं नाही. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजांनी लिहिली. गाव, आळी, बायकोचं नाव आणि नातं लिहायचं राहिलं. ते एका साध्या कागदावर, मऊ शिसपेन्सिलीनं, बासनाच्या वर ठेवायचं. पेन्सिल यासाठी, की तिचं शिसं पाण्यानं पसरत नाही आणि कागदाला खात नाही. आणि मराठीत लिहायचं, म्हणजे न्यू जर्सीच्या नातवाला ते वाचून घ्यायला गावाकडं फोन करावा लागेल.